नकाशातील कथा आणि चित्रांचे बिऱ्हाड



आजच्या व्याख्यानाचे नाव वाचून, हा विषय संगणकापुढे बसणाऱ्या तरुणांचा आहे, त्याच्याशी आम्हा वऱ्हाडातील प्रपंची माणसांचा काय संबंध, असे आपणांपैकी कित्येकांना वाटले असेल. परंतु स्थळांच्या अनुक्रमाने कथा सांगण्याची रीत आपल्याला परकी नाही. मोर्शी तालुक्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे थोर स्थान. म्हाइंभटांनी तेराव्या शतकात लीळाचरित्र सिद्ध केले ते तेथेच. त्याच पंथातील मुनिव्यास कोठी यांनी चौदाव्या शतकात 'स्थानपोथी' रचली. श्रीचक्रधरस्वामी कोणकोणत्या गावी राहिले, तेथे देऊळ कोणते, त्या देवळापासून अमुक स्थान कोणत्या दिशेस, याची गावोगावची नोंद त्या पोथीत आहे. मागाहून येणाऱ्या माणसाला त्या जागी उभे राहून तेथली हकीकत आठवता यावी, हा तिचा उपयोग. आजची मुले ज्याला 'स्टोरी मॅप' म्हणतात आणि ज्याला आपण नकाशा-कथा म्हणू, ती वस्तू मुळात याहून फार निराळी नाही.

नकाशा-कथा म्हणजे काय, ते आधी पाहू. मोबाइलच्या किंवा संगणकाच्या पडद्यावर नकाशा असतो. त्यावर जागोजागी खुणा असतात. एका खुणेवर बोट ठेवले की त्या जागेचे छायाचित्र उघडते आणि शेजारी चार ओळींची हकीकत दिसते. पुढच्या खुणेवर जावे, तो नकाशा आपण होऊन तिकडे सरकतो. अशा कथा रचण्याची साधने पुष्कळ आहेत. एस्री या अमेरिकन कंपनीचे 'आर्कजीआयएस स्टोरीमॅप्स' आहे. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातील नाइट लॅबने केलेले 'स्टोरीमॅप-जेएस' आहे. 'ओपनस्ट्रीटमॅप' या लोकांनी मिळून केलेल्या नकाशावर चालणारे 'यूमॅप' आहे. साधन कोणते घ्यावे याची चर्चा सर्वजण हौसेने करतात. चित्रे कोठे ठेवावी, याचा विचार मात्र बहुधा कोणी करीत नाही. आणि कथा बुडते ती नेमकी तेथेच. म्हणून मी आज त्या एकाच प्रश्नावर बोलणार आहे.

हा प्रश्न नुसत्या हौसेचा नाही, हे आपल्याच मुलखातील उदाहरणाने पटेल. अकोल्याहून अकोट, धूळघाट या मार्गे खंडव्यास जाणारी मीटरगेज गाडी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. सातपुडा चढताना धूळघाटापाशी तो लोहमार्ग वळसा घेऊन स्वतःच्याच अंगावरून जाई. २०१७ सालच्या आरंभी अकोला ते अकोट ही मीटरगेज वाहतूक थांबली. अकोटपर्यंत पुढे रुंद मार्ग झाला. पण मेळघाट व्याघ्र प्रकल्पातून जाणारा जुना मार्ग तसाच रुंद न करता नवा मार्ग प्रकल्पाच्या बाहेरून नेण्याचे ठरले. म्हणजे धूळघाटाच्या त्या वळशावरून गाडीने जाण्याचा योग आता संपला. दुसरे उदाहरण यवतमाळ, मूर्तिजापूर आणि अचलपूर यांना जोडणाऱ्या शकुंतलेचे. अडीच फूट रुंदीच्या त्या मार्गावर १९२१ साली मँचेस्टरला तयार झालेले वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. इंजिन गेले, मग डिझेलवर चालणाऱ्या गाडीची नियमित फेरीही थांबली. राहिली ती छायाचित्रे. ती कोणा निवृत्त रेल्वे कर्मचाऱ्याच्या पेटीत आहेत, कोणाच्या लग्नाच्या अल्बमात वऱ्हाडी मंडळींच्या मागे डब्याच्या रूपाने आहेत, कोणा विद्यार्थ्याच्या मोबाइलमध्ये आहेत. नरनाळा, गाविलगड आजही उभे आहेत. त्यांचे फोटो पुन्हा काढता येतील. जी गाडीच उरली नाही तिचा फोटो पुन्हा कसा काढणार?

समजा, अकोल्यातील काही मंडळींनी या चित्रांची नकाशा-कथा करावयाचे ठरविले. येथे पहिली समजूत पक्की करून घेतली पाहिजे. पुष्कळ साधनांत नकाशा स्वतःजवळ चित्र ठेवीतच नाही; तो केवळ चित्राचा पत्ता ठेवतो. चित्र दुसऱ्याच कोठल्या तरी संगणकावर असते. वाचकाने खुणेवर बोट ठेवले की नकाशा त्या पत्त्यावर निरोप पाठवितो आणि तेथून चित्र मागवून दाखवितो. नकाशा ही लग्नपत्रिका आहे, मांडव नव्हे. पत्रिका कितीही सुंदर छापलेली असली, तरी मांडव दुसरीकडे हलविला आणि पत्रिका तशीच राहिली, तर पाहुणे मोकळ्या मैदानात येऊन उभे राहतात. नकाशा-कथेत असे झाले म्हणजे खूण दिसते, मजकूर दिसतो, आणि चित्राच्या जागी रिकामी चौकट दिसते.

हा प्रकार कल्पनेतला नाही. 'पॅनोरामिओ' नावाचे एक स्थळ होते. जगभरचे लोक आपापल्या गावचे फोटो नेमक्या जागेच्या खुणेसह तेथे ठेवीत आणि ते गूगल अर्थच्या नकाशावर दिसत. २००७ साली गूगलने ते विकत घेतले आणि २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये बंद केले. त्याच वर्षी 'पिकासा'चे दुकानही आवरले गेले. एस्रीच्या जुन्या 'मॅप टूर' साधनात चित्रे घेण्याची जी ठिकाणे दिलेली होती, त्यांत फ्लिकर आणि फेसबुक यांच्या जोडीला पिकासाही होते; तेव्हा ज्यांनी त्यावर भरवसा ठेवला त्यांना पुन्हा पत्ते शोधत बसावे लागले. 'फोटोबकेट'ने २०१७ च्या जूनमध्ये नियम बदलला आणि इतरांच्या पानांवर चित्रे दाखविण्यासाठी वर्षाला ३९९ डॉलर मागितले. त्यामुळे असंख्य पानांवरील चित्रांच्या जागी एकाएकी पैशांची सूचना झळकू लागली. फ्लिकरने २०१३ साली प्रत्येकाला एक टेराबाइट जागा फुकट दिली होती. २०१८ साली ते स्मगमग या कंपनीकडे गेले, आणि त्याच वर्षी फुकट खात्याला १००० चित्रांची मर्यादा जाहीर झाली. गूगल फोटोजची अमर्याद फुकट सोय १ जून २०२१ पासून संपली. तेव्हापासून १५ जीबीच्या जागेत टपाल, कागदपत्रे आणि फोटो अशा सर्वांनी मिळून राहावयाचे आहे. एका मोबाइल फोटोचे सरासरी ४ एमबी धरले, तर टपालाला काहीही जागा न ठेवता ती सुमारे पावणेचार हजार फोटोंत भरते.

या सर्व प्रकरणात कोणी कपट केले असे म्हणावयाचे कारण नाही. व्यापार हा व्यापाराच्या हिशेबाने चालतो. ज्या जागेचे भाडे आपण देत नाही, ती जागा किती दिवस ठेवावयाची हे ठरविण्याचा अधिकारही आपल्याकडे नसतो, एवढाच त्याचा अर्थ. म्हणून चित्रांसाठी जागा निवडताना 'फुकट किती मिळते' हा पहिला प्रश्न नव्हे. माझ्या मते पाच प्रश्न विचारावे, आणि ते पुढील क्रमाने.

पहिला प्रश्न : या जागेतून चित्राचा थेट पत्ता मिळतो काय? पुष्कळ ठिकाणी 'शेअर' करून जी लिंक मिळते ती चित्राची नसते. चित्र ज्या पानावर लावले आहे त्या पानाची असते. नकाशाला पान नको, चित्र हवे. गूगल फोटोजची लिंक नकाशात घातली तर चित्र उमटत नाही, ही तक्रार याच कारणाने होते. आतून खटपट करून काढलेला पत्ता आज चालतो आणि काही काळाने निकामी होतो. फेसबुकवरील चित्रांचेही तसेच आहे. पारख सोपी आहे. पत्ता शेजाऱ्याच्या मोबाइलवर, जेथे आपले खाते उघडलेले नाही तेथे, टाकून पाहावा. नुसते चित्र उघडले तर ठीक. नाव आणि परवलीचा शब्द मागितला, तर ती जागा या कामाची नव्हे. तसेच पत्ता 'एचटीटीपीएस' या अक्षरांनी सुरू होतो ना, हेही पाहावे. नुसत्या 'एचटीटीपी'चे चित्र सुरक्षित पानावर पुष्कळदा दाखविले जात नाही.

दुसरा प्रश्न : तो पत्ता टिकेल काय, आणि टिकला नाही तर बदलणे माझ्या हातात आहे काय? तिसरा प्रश्न : चित्रावरील हक्काचे काय? ठेवताना मी कोणाला कोणती परवानगी देत आहे? चौथा प्रश्न : पैसे भरावयाचे थांबले, किंवा खाते चालविणारा माणूस उद्या नसला, तर चित्रांचे काय होईल? आणि पाचवा प्रश्न : माझी सर्व चित्रे नावे, तारखा आणि टिपणे यांसह एकदम परत मिळतात काय? बँकेत ठेव ठेवताना व्याजाचा दर सगळे विचारतात. ठेव मोडावयाची रीत शहाणा माणूस विचारतो. हा पाचवा प्रश्न त्या जातीचा आहे.

आता या पाच प्रश्नांच्या कसोटीवर प्रचलित जागा घासून पाहू. त्यांचे स्थूलमानाने चार वर्ग पडतात.

पहिला वर्ग धर्मशाळेचा. धर्मशाळेचे महत्त्व अमरावतीकरांना सांगावयास नको. शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी पंढरपूर, आळंदी, नाशिक अशा क्षेत्रांच्या ठिकाणी धर्मशाळा उभारून यात्रेकरूंची केवढी सोय केली! परंतु धर्मशाळेत मुक्काम करावयाचा असतो, संसार मांडावयाचा नसतो. गूगल फोटोज, फेसबुक, व्हॉट्सअॅप या अशा जागा आहेत. घरच्यांना फोटो दाखवावयास, चित्रे गोळा करावयास, त्या उत्तम. नकाशा-कथेचा कायमचा पत्ता म्हणून मात्र त्या देऊ नयेत. व्हॉट्सअॅपविषयी आणखी एक सूचना. त्यावरून नेहमीच्या रीतीने पाठविलेले चित्र आकसते, आणि मोबाइलने चित्राच्या पोटात लिहिलेली वेळ आणि जागा यांची नोंद गळून पडते. जुन्या गाडीचा फोटो कोणाकडून मागवीत असाल, तर तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठविण्यास सांगा. म्हणजे मूळ चित्र जसेच्या तसे येते.

दुसरा वर्ग भाड्याच्या घराचा. फ्लिकर हे याचे चांगले उदाहरण. येथे चित्रांचा थेट पत्ता मिळतो, निरनिराळ्या आकारांत मिळतो, चित्राला नाव, टीप, नकाशावरील जागा देता येते, आणि सर्व चित्रे परत घेण्याची सोय आहे. नियम एवढाच की, चित्र दुसरीकडे दाखविताना त्याच्या फ्लिकरवरील पानाची लिंक द्यावी. १००० च्या आत फुकट, त्यापुढे वार्षिक वर्गणी. साठ-सत्तर चित्रांच्या एका कथेस फुकट खाते पुरे होते. पण भाड्याचे घर ते भाड्याचे घर. वर्गणी थांबली की मर्यादेबाहेरील चित्रे धोक्यात येतात. एखाद्या मंडळाने असे खाते काढले तर ते एकाच उत्साही सभासदाच्या खासगी टपालावर काढू नये. मंडळाच्या नावाने काढावे आणि दोघांना तरी त्याच्या किल्ल्या ठाऊक असाव्या.

एस्रीच्या २०१९ पासूनच्या नव्या साधनात चित्र थेट त्या साधनातच चढविता येते. तेथे पत्त्याचा घोळ उरत नाही, हा मोठा लाभ. पण मग कथा आणि चित्रे दोन्ही एकाच घरमालकाकडे राहिली, हे ध्यानात ठेवावे आणि त्या जागेलाही भाड्याच्या घराचेच नियम लावावे.

तिसरा वर्ग सार्वजनिक ग्रंथालयाचा. २००४ साली सुरू झालेले 'विकिमीडिया कॉमन्स' हे त्यांतले प्रमुख. विकिपीडियावरील बहुतेक चित्रे तेथे असतात, आणि तेथील चित्रांची संख्या आज दहा कोटींच्या वर गेली आहे. भाडे नाही, जाहिरात नाही, थेट पत्ता मिळतो, आणि चित्राबरोबर त्याच्या जागेचे अक्षांश-रेखांश नोंदविता येतात. मात्र ग्रंथालयाला पुस्तक देणगी दिले की ते सर्वांचे होते, तसे येथे आहे. आपले चित्र कोणीही घ्यावे, छापावे, त्यावर व्यापारही करावा, फक्त आपले श्रेय द्यावे आणि पुढेही त्याच अटींवर द्यावे, अशा स्वरूपाची परवानगी कायमची द्यावी लागते. ती मागाहून परत घेता येत नाही. घरगुती समारंभाचे फोटो तेथे चालत नाहीत. ज्ञानाच्या उपयोगाचे चित्र पाहिजे. आणखी एक गोष्ट : तेथे इतरांनाही सुधारणेचा हक्क असल्याने चित्राचे नाव बदलू शकते, चित्राची नवी आवृत्ती चढू शकते. म्हणून तेथून थेट पत्ता घेण्यास मनाई नसली, तरी मधून मधून तो तपासावा. 'इंटरनेट आर्काइव्ह' हे १९९६ पासूनचे असेच दुसरे मोठे ग्रंथालय. परंतु २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यावर चोरट्यांचा हल्ला झाला आणि काही दिवस त्याचे दरवाजे बंद राहिले. तेव्हा ग्रंथालयातही आपली एकुलती एक प्रत ठेवू नये, हे ओघाने आलेच.

चौथा वर्ग स्वतःच्या घराचा. हे ऐकून खर्चाची भीती वाटते, पण येथे एक युक्ती आहे, आणि आजच्या व्याख्यानातील सर्वांत उपयोगी गोष्ट तीच आहे असे मला वाटते. घर स्वतःचे नसले तरी नाव स्वतःचे असू शकते. वर्षाला थोडके पैसे भरून संकेतस्थळाचे एक नाव, म्हणजे डोमेन, घेता येते. त्या नावामागे चित्रे कोणत्याही भाड्याच्या संगणकावर ठेवता येतात. 'गिटहब पेजेस'सारख्या ठिकाणी लहान संकेतस्थळ फुकट ठेवता येते आणि त्याला आपले नाव जोडता येते. तेथील मर्यादा एक जीबीची आहे. आपल्या येथील अभियांत्रिकीच्या कोणत्याही विद्यार्थ्याला हे काम करून देता येईल. उद्या ती जागा सोडावी लागली, तर चित्रे दुसरीकडे नेऊन मांडावी आणि नावाची पाटी तेवढी नव्या दारावर लावावी. नकाशातील पत्ते जसेच्या तसे चालू राहतात. एकही खूण बदलावी लागत नाही. मात्र नावाचे वार्षिक भाडे चुकता कामा नये. ते चुकले तर नाव जाते आणि त्याबरोबर सर्व पत्ते जातात.

यांपैकी कोणती जागा निवडावी? एकच जागा सर्व चित्रांना योग्य असते, हा समज मी प्रथम काढून टाकू इच्छितो. निवड चित्रागणिक करावी. धूळघाटाचा वळसा, अकोटचे जुने स्थानक, मूर्तिजापूरला उभी असलेली शकुंतला, ही चित्रे सार्वजनिक मोलाची आहेत. काढणाऱ्याची संमती असेल तर ती कॉमन्सवर जावी. म्हणजे आपली नकाशा-कथा बंद पडली तरी चित्र जगाला मिळत राहील. डब्याच्या खिडकीत बसलेल्या आजीचा आणि नातवाचा फोटो, ज्यावर घरच्यांचा जीव आहे आणि जो कोणीही जाहिरातीत वापरू नये असे वाटते, तो भाड्याच्या किंवा स्वतःच्या नावाच्या जागेत, हक्क राखून ठेवावा. आणि घरच्यांनी नको म्हटले, तर तो नकाशावर ठेवूच नये.

हक्काचा विषय निघालाच आहे तर दोन शब्द सांगतो. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे छायाचित्राचा कर्ता म्हणजे ते काढणारा माणूस. मोबदला देऊन एखाद्या छायाचित्रकाराकडून फोटो काढवून घेतला असेल आणि उलट करार नसेल, तर प्रथम हक्क काढवून घेणाऱ्याचा. फोटो आपल्या अल्बमात आहे, किंवा आपल्याला कोणी पाठविला आहे, एवढ्याने तो आपला होत नाही. तेव्हा परवानगी मागावी, आणि ती तोंडी न ठेवता चार ओळींत लिहून घ्यावी.

काही चित्रे तर अशी असतात की ती दाखवावी, पण जागा दाखवू नये. मोबाइलने काढलेल्या फोटोत अक्षांश-रेखांश आपोआप लिहिले जातात, हे पुष्कळांना ठाऊक नसते. मेळघाटात रानपिंगळा नावाचे एक लहानसे घुबड आहे. शंभरावर वर्षे त्याचा पत्ता नव्हता. १९९७ साली ते शहाद्याजवळ पुन्हा दिसले आणि पुढे मेळघाटातही आढळले. अशा पक्ष्याच्या घरट्याचा किंवा वाघाच्या पाणवठ्याचा फोटो नेमक्या जागेसह नकाशावर टाकणे म्हणजे हौशी गर्दीला आणि शिकाऱ्याला एकदमच आमंत्रण देणे होय. उपाय हिशेबाचा आहे. अक्षांशाच्या दशांश चिन्हापुढील चौथा आकडा जागा सुमारे ११ मीटरपर्यंत नेमकी सांगतो. दुसरा सुमारे एक किलोमीटरपर्यंत. पहिला सुमारे ११ किलोमीटरपर्यंत. स्थानकाची खूण चार आकड्यांनी करावी. घरट्याची करावयाचीच असेल तर एका आकड्याने करावी, आणि चित्र चढविण्यापूर्वी त्याच्या पोटातील नोंद पुसून टाकावी. कोणाच्या राहत्या घराच्या फोटोलाही हाच नियम लागू आहे.

चित्राच्या आकाराचाही विचार हवा. ४ एमबीची ४० चित्रे म्हणजे १६० एमबी झाले. धारणी, चिखलदऱ्याच्या बाजूला, जेथे मोबाइलला रेंज मिळते न मिळते, तेथील वाचकाने एवढे ओझे कसे ओढावे? पडद्यावर पाहण्यास सुमारे १६०० ठिपके रुंदीचे चित्र पुष्कळ होते. ते ४०० केबीच्या आसपास बसते. म्हणजे सबंध कथा १६ एमबीत येते. लहान प्रत नकाशासाठी आणि मूळ मोठी प्रत घरी, अशी विभागणी ठेवावी. चित्राच्या फाइलला नाव देताना रोमन लिपीतील साधी अक्षरे आणि आकडे वापरावे. देवनागरी नावाचा पत्त्यात लांबलचक आकड्यांचा गुंता होतो. नावात वर्ष, गाव आणि अनुक्रम आला की पुढे शोधणे सोपे जाते.

मूळ प्रत घरी ठेवावी असे म्हणालो, त्याचे कारण आपल्या शेजारच्या अजिंठ्याने शिकविले आहे. मेजर रॉबर्ट गिल या चित्रकाराने १८४५ च्या सुमारापासून पुढे अनेक वर्षे लेण्यांत बसून भिंतीवरील चित्रांच्या मोठ्या नकला केल्या. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या गेल्या आणि १८६६ च्या डिसेंबरात तेथे लागलेल्या आगीत बहुतेक सर्व जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स यांनी विद्यार्थ्यांसह १८७२ ते १८८५ या काळात पुन्हा नकला केल्या. त्या साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयात गेल्या, आणि १८८५ च्या आगीत त्यांतल्याही बऱ्याचशा नष्ट झाल्या. दोन्ही वेळा जागा नामांकित होती, इमारत भव्य होती. चुकले ते एवढेच की, वर्षानुवर्षांचे श्रम एका छपराखाली ठेवले होते. आपल्याला त्या काळच्या चित्रकारांना नव्हती ती सोय आहे; प्रत काढावयास आज क्षणही लागत नाही. म्हणून मूळ चित्राच्या तीन प्रती असाव्या : एक घरच्या संगणकावर, दुसरी वेगळ्या हार्ड डिस्कवर, आणि तिसरी दुसऱ्या गावी. अकोल्याच्या मंडळींनी आपली एक प्रत अमरावतीस ठेवावी, अमरावतीकरांनी आपली अकोल्यास ठेवावी. यात दोन्ही शहरांचा स्नेहही वाढेल!

शेवटची गोष्ट नोंदवहीची. कागदाची असो वा संगणकातील तक्त्याची, पण एक वही ठेवाच. तिच्यात प्रत्येक चित्रासाठी एक ओळ : अनुक्रम, गाव, अक्षांश-रेखांश, तारीख, कोणी काढले, परवानगी कोणती, मूळ प्रत कोठे आहे, आणि आजचा पत्ता. यूमॅपसारखी साधने अशा तक्त्यावरून सबंध नकाशा एकदम उभा करू शकतात. बिऱ्हाड बदलले तर या वहीतील एकच रकाना बदलावयाचा. बाकी सर्व जागच्या जागी राहते. वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईला धरून म्हणा, प्रत्येक पत्ता उघडून पाहावा. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या स्थानपोथीत चित्र एकही नव्हते. गाव, दिशा आणि हकीकत यांची व्यवस्थित नोंद होती, आणि तेवढ्या आधारावर अभ्यासक आजही ती स्थाने शोधतात. आपल्याजवळ चित्रेही आहेत आणि नोंद करण्याची साधनेही आहेत.

तेव्हा माझी आपणांस विनंती एवढीच आहे. नकाशा कोणता घ्यावा याचा निर्णय सावकाश करा. तो चुकला तरी बदलता येईल. पण घरातील पेटी, अल्बम आणि जुने मोबाइल या आठवड्यात उघडा. धूळघाटच्या गाडीचा, शकुंतलेचा, गावातील पडलेल्या वाड्याचा जो फोटो सापडेल, त्याची मूळ प्रत जपा, आणि घरात जे वडीलधारे असतील त्यांना त्यातील माणसे आणि जागा विचारून वहीत लिहून ठेवा. चित्राला नवे बिऱ्हाड केव्हाही मिळेल. त्याची हकीकत सांगणारा माणूस मात्र पुन्हा मिळत नाही.